आधी कोणाला सांगायचं

आर्डमूर नेटवर्क्सचा कॅसवेल फोनवर इतका गोड बोलायचा, की फोन ठेवल्यावर रित्वा निस्कालाला काहीतरी खारट खावंसं वाटायचं. त्या जानेवारीत तो तिसऱ्यांदा मुदत मागत होता.

"तुमची अडचण मला कळत नाही असं नाही हो, रित्वा," तो म्हणाला. "पण आमच्या नेटवर्कच्या पेट्या किती देशांत बसल्यात, तुम्हाला माहीतच आहे. प्रत्येक प्रकारच्या पेटीवर चाचणी घ्यावी लागते. फेब्रुवारीअखेर, बस. त्यापुढे एक दिवस मागणार नाही."

"नोव्हेंबरात हेच म्हणाला होतात."

"नोव्हेंबरात आमची थँक्सगिव्हिंगची सुट्टी आडवी आली."

"आणि डिसेंबरात नाताळ. दर महिन्यात काही ना काही आडवं येणारच, कॅसवेल. कॅलेंडर तसंच छापतात."

तो खळखळून हसला. हसायचाही त्याला वेगळा पगार मिळत असावा. रित्वाने दातओठ खाल्ले, आणि मुदत दिली.

ज्या दुरुस्तीसाठी ही मुदत होती, ती तयार नव्हती अशातला भाग नाही. ती ऑक्टोबरातच तयार होती आणि तेव्हापासून रित्वाच्या संगणकात नुसती पडून होती.

लिंटेल हे रित्वाचं काम. कॅनडात सुपीरियर सरोवराच्या उत्तर काठावर पोर्ट हॅलडेन नावाचं गाव आहे, तिथल्या कॉलेजात ती नेटवर्क सांभाळायची. तिथल्या गरजेपोटी तिने ते लिहायला घेतलं, मग मॉन्क्टनच्या गार्नेट पेलेटिएने त्याला हात लावला, आणि दोघांनी ते जगाला फुकट देऊन टाकलं. काम तसं साधं. कोणी वायफायला किंवा कचेरीच्या नेटवर्कला जोडू पाहिलं, की यंत्र लिंटेलला विचारतं, हा माणूस आपला का? लिंटेल नाव आणि पासवर्ड पाहून हो किंवा नाही म्हणतं. दारावरची भिंत तोलणाऱ्या आडव्या लिंटेलकडे कोण मान वर करून बघतो? तसंच याचं. रोज अक्षरशः लाखो लोक त्याच्याखालून आत जायचे आणि त्यांतल्या एकालाही त्याचं नाव माहीत नव्हतं.

ऑक्टोबरात विनिपेगच्या एका संशोधक बाईंनी रित्वाला कळवलं, की पासवर्डाच्या जागी मुद्दाम अर्धवट तोडलेला निरोप पाठवला, तर लिंटेल गोंधळतं आणि सरळ 'हो' म्हणून टाकतं. पासवर्ड नको, काही नको. आतल्या एखाद्या खऱ्या माणसाचं नाव ठाऊक असलं की झालं. रित्वाने स्वतः करून पाहिलं, आणि लिंटेल खरंच हो म्हणालं. त्याच दिवशी तिने दुरुस्ती लिहिली. सगळ्या मिळून चार ओळी.

मग देऊन टाकायची ना जगाला, असं कोणीही म्हणेल. पण या धंद्यात तसं करत नाहीत, आणि त्याला कारणही आहे. दुरुस्ती बाहेर आली की चोरालाही कळतं कुठे फट होती. ज्यांनी अजून ती बुजवली नाही त्यांच्या घरात तो तासाभरात शिरतो. म्हणून आधी ज्या कंपन्या ते सॉफ्टवेअर आपल्या पेट्यांत घालून विकतात, त्यांच्या गटाला गुपचूप कळवायचं. सगळ्यांनी मिळून एक तारीख ठरवायची. तोवर तोंडाला कुलूप, आणि त्या दिवशी सगळ्यांनी एकदम दुरुस्ती बाहेर काढायची. ना कागद, ना सही. सगळं दिल्या शब्दावर चालतं, आणि रित्वाला त्याचा अभिमान होता.

त्या गटात जागा होती ती विकणाऱ्यांना. लिंटेल इंटरनेटवरून स्वतःच्या हातांनी उतरवून घेऊन चालवणारी कॉलेजं, वाचनालयं, इस्पितळं यांना नव्हती. ती बिचारी कोणाला काही विकत नव्हती, त्यामुळे त्यांना ठरल्या तारखेला बाकीच्या जगाबरोबर कळणार. यात रित्वाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. हा नियम लिहिणाऱ्यांत ती स्वतः होती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी कर्लिंग क्लबात सामना होता. रित्वा आणि व्हर्ना ओलेक्सुक एकाच संघात खेळायच्या. व्हर्ना गावच्या इस्पितळात नेटवर्क बघायची, आणि इस्पितळात लिंटेल बसवलं होतं तेही तिनेच. वरच्या साहेबांना ते फुकटचं काहीतरी नको होतं. व्हर्नाने ठणकावून सांगितलं होतं, की लिहिणारी बाई इथे दोन गल्ल्या सोडून राहते, काही बिनसलं तर मी तिच्या दारात जाऊन उभी राहीन. तुमच्या कंपनीच्या दारात कोण उभं राहू देतं? साहेबांनी मग होकार दिला होता.

कर्लिंगमध्ये बर्फावरून जड दगड सरकवतात, आणि तो लांब जावा म्हणून संघातले बाकीचे झाडूने त्याच्यापुढचा बर्फ घासतात. त्या दिवशी खेळताना बर्फ घासता घासता रित्वाचा झाडू सरकत्या दगडाला निसटता लागला. कोणी पाहिलं नव्हतं. पण कर्लिंगमध्ये पंचाने ओरडायची वाट बघत नाहीत, ज्याचा झाडू लागला त्याने स्वतःच सांगायचं असतं. रित्वाने हात वर केला, "लागला माझा," म्हणाली. दगड बाद झाला, आणि त्या एका दगडावर त्या सामना हरल्या.

"आता या चांगुलपणाबद्दल मीच तुला कॉफी पाजते," व्हर्ना म्हणाली. वरच्या काचेच्या खोलीत त्या बसल्या. रित्वाने घरून वेलचीचा पुल्ला, म्हणजे फिनिश गोड पाव, आणला होता, त्याचा तुकडा कॉफीत बुडवत व्हर्ना म्हणाली, "अगं, आमच्याकडे आर्डमूरचा एक पोरगा आला होता. टाय घालून. या थंडीत टाय."

"काय विकत होता?"

"दुसरं काय, पेटी. म्हणाला, अजून ते फुकटचं लिंटेल चालवताय का? मी म्हटलं, हो, का रे बाबा? म्हणाला, मी काही बोलत नाही, पण बर्फ वितळायच्या आत बदलून टाका. आणि एक पेटी ठेवून गेलाय, वापरून बघा म्हणून." व्हर्नाने कप खाली ठेवला. "रित्वा, आहे का काही त्यात?"

रित्वाने पुल्ल्याचा आणखी एक तुकडा कापला.

"काही नाही गं," ती म्हणाली. "विकायला आलाय तो. घाबरवल्याशिवाय कोण घेणार?"

"नक्की?"

"नक्की."

"मग ठीक," असं म्हणून व्हर्नाने दुसरा तुकडा उचलला. तिने पुन्हा विचारलं नाही. तिला विचारायची गरज वाटली नाही, हेच रित्वाला जास्त लागलं. इस्पितळात औषधांची कपाटं नेटवर्कवरून उघडतात, सलाइनचे पंप नेटवर्कवर बोलतात, हे तिला व्हर्नानेच कधीतरी सांगितलं होतं. आणि आत शिरायला एका नर्सचं नाव पुरत होतं, जे प्रत्येक नर्सच्या छातीवर लावलेलं असतं.

घरी जाताना तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. खोटं बोलल्याची आग होतीच. पण त्या टायवाल्या पोराला हे कळलं कसं? आर्डमूरमध्ये हे गुपित कॅसवेल आणि त्याचे दोनचार इंजिनिअर यांच्यापुरतं राहायला हवं होतं. ते विकणाऱ्याच्या तोंडी आलं, म्हणजे कोणीतरी ते त्याच्या तोंडात घातलं होतं.

सोमवारी तिने कॅसवेलला फोन लावला.

"योगायोग असणार," तो म्हणाला. "विक्रीवाले काहीही बोलतात. मला तर त्यांची तोंडंही माहीत नाहीत."

"एक सरळ विचारते. तुम्ही दुरुस्ती बाहेर काढली आहे का?"

"आमच्या पुढच्या योजनांबद्दल मला बोलता येत नाही, रित्वा."

"मी पुढचं विचारत नाहीये. मागचं विचारतेय."

"तुमची काळजी मी वरपर्यंत नक्की पोचवतो," असं म्हणून त्याने तिला तोंड भरून धन्यवाद दिले. हो म्हणाला नाही, आणि नाहीही म्हणाला नाही. ज्या माणसाच्या सगळ्या धंद्याचा पाया हो किंवा नाही सांगण्यावर उभा, त्याला एक साधं नाही म्हणवेना.

मंगळवारी दुपारी रित्वा लॅपटॉप घेऊन इस्पितळाच्या तळघरात व्हर्नाच्या खोलीत गेली. शेजारी धोबीखान्याची यंत्रं घरघरत होती. आर्डमूरची पेटी कोपऱ्यातल्या टेबलावर दिवे मिचकावत बसली होती.

"ही बघायची होती," रित्वा म्हणाली.

"तू तर म्हणालीस काही नाही."

"नाहीच. जरा बघते. चालू आहे ना?"

"त्या पोरानेच चालू करून दिलीय. आत माझं नाव घातलंय, चाचणीसाठी." व्हर्नाने खुर्ची ओढली आणि ती रित्वाच्या खांद्यामागे येऊन बसली. जा म्हणायला रित्वाला काही कारण सुचलं नाही.

या पेट्यांच्या पोटात लिंटेलच असतं हे रित्वाला माहीत होतं. पेटीच्या माहितीत तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, तिचं आणि गार्नेटचं नाव द्यावं लागायचं. तिने व्हर्नाचं नाव टाकलं, पासवर्डाच्या जागी तो तोडलेला निरोप टाकला आणि पाठवला. पेटी क्षणभर थांबली. मग म्हणाली, नाही.

तो क्षणभराचा थांबा रित्वाचा होता. भामट्याला अंदाज येऊ नये म्हणून नकार द्यायच्या आधी जरासं थांबायचं, हे तिने त्या चार ओळींत मुद्दाम घातलं होतं. तिने पेटीत आधी बसवलेल्या सुधारणांची यादी उघडली. शेवटची नोव्हेंबरातली. वर लिहिलं होतं, किरकोळ स्थिरता सुधारणा.

नोव्हेंबर. म्हणजे कॅसवेल थँक्सगिव्हिंगचं रडगाणं गात होता तेव्हा आर्डमूरने आपल्या गिऱ्हाइकांच्या पेट्यांतली फट कधीच बुजवली होती. मग मुदत कशासाठी हवी होती? चाचणीसाठी नाही. बाकीच्यांची दारं आणखी काही महिने उघडी राहावीत, त्यांच्या दारात टाय घालून माणूस पाठवता यावा, आणि ज्या फटीबद्दल रित्वा मूग गिळून गप्प बसली होती तीच फट त्यांना दाखवून पेट्या खपवता याव्यात, यासाठी. तिच्याच चार ओळी, तिचंच मौन, आणि दुकान त्यांचं. रित्वाचे कान तापले. इतका उघड हलकटपणा इतक्या मऊ आवाजात करता येतो, हे तिला इतक्या वर्षांत कोणी दाखवलं नव्हतं.

"नाही म्हणाली पेटी," मागून व्हर्ना म्हणाली.

"हो."

"म्हणजे बरोबर ना? मी तुला पासवर्ड दिलाच नव्हता."

"बरोबर."

व्हर्नाने पडद्यावरचं 'नाही' पुन्हा वाचलं. ती काही खुळी नव्हती.

"आता तेच आमच्या सर्व्हरला पाठव," ती म्हणाली.

रित्वाचा हात कळफलकावरच थांबला. अजून उठता आलं असतं. बॅटरी संपली म्हणता आलं असतं. शब्द दिला होता तो आर्डमूरला एकट्याला नव्हता, गटातल्या लहानसहान कंपन्यांनाही होता. त्यांतले काहीजण बिचारे अजून खरोखरच चाचण्या घेत होते. बोललो तर सगळीकडच्या चोरांना कळेल, हे काही खोटं नव्हतं.

"रित्वा," व्हर्ना म्हणाली. "पाठव."

तिने पाठवलं. इस्पितळाचा सर्व्हर थांबला नाही, अडखळला नाही. तत्काळ म्हणाला, हो. या, व्हर्ना ओलेक्सुक.

धोबीखान्यातलं एक यंत्र थांबलं आणि दुसरं सुरू झालं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"ऑक्टोबर."

"मी परवा क्लबात तुला विचारलं."

"हो."

"दगडाला झाडू लागला ते सांगितलंस. कोणी बघितलंही नव्हतं. सामना गेला तरी सांगितलंस. आणि दहा मिनिटांनी माझ्या तोंडावर..." व्हर्नाने पुढचं गिळलं. तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "वर बाळंतिणींचा मजला आहे, रित्वा. तिथली दारंसुद्धा यालाच विचारून उघडतात. कोणीही येऊन माझं नाव सांगितलं असतं."

"सांगता येत नसतं गं. सगळ्यांनी ठरवलेलं असतं. तारखेच्या आधी एकाला सांगितलं तर—"

"सगळ्यांनी म्हणजे कोणी? मला कोणी विचारलं?"

रित्वाची नजर आर्डमूरच्या पेटीकडे गेली.

"तो टायवाला लुच्चा आहे, मला तेव्हाच कळलं होतं," व्हर्ना म्हणाली. "पण त्या लुच्च्याने मला कुलूप बदल म्हणून सांगितलं. तू म्हणालीस, काही नाही. माझ्याशी खरं बोलला तो."

हे जे लागलं ते रित्वाला शेवटपर्यंत बुजवता आलं नाही. तिने तिथेच, त्या टेबलावरून, गार्नेटला फोन लावला.

"मी दुरुस्ती आज सोडतेय."

"वेडबिड लागलं का? महिनाअखेर ठरलंय ना?"

"आर्डमूरने नोव्हेंबरातच सोडलीय. गुपचूप. मी आत्ता त्यांच्या पेटीवर बघितलं. आणि आता त्यांची माणसं दारोदार फिरून लिंटेलवाल्यांना घाबरवतायत."

पलीकडे गार्नेटने आपल्या अकेडियन फ्रेंच बोलीत एक शिवी दिली, जी आजीसमोर देण्यासारखी नव्हती. मग म्हणाला, "इतरांना कळव आणि सोड. लगेच सोड. कोणी काही म्हणालं तर माझंही नाव घे."

तिने आधी गटातल्या सगळ्यांना कळवलं, आणि त्यामागोमाग दुरुस्ती जगासमोर ठेवली. सोबत काय झालं ते सरळ लिहिलं. फट काय होती, ती कधी कळली, आर्डमूरने कधी बुजवली आणि तरी मुदत कशी मागत राहिली. व्हर्ना मागे उभी राहून वाचत होती. 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' या ओळीवर तिने बोट ठेवलं.

"हे काढ. गैरसोय म्हणजे लिफ्ट बंद पडते ती."

रित्वाने ते काढलं, आणि लिहिलं, की मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. मग इस्पितळाच्या सर्व्हरवर दुरुस्ती बसवायला म्हणून तिने हात पुढे केला, तर व्हर्नाने तिचा लॅपटॉप तिच्याकडेच परत सरकवला.

"माझं मी बसवते," ती म्हणाली.

रित्वा गाडीत बसते न बसते तोच कॅसवेलचा फोन आला. गोडवा कुठल्या कुठे गेला होता.

"तुम्ही शब्द मोडलात."

"तुम्ही नोव्हेंबरातच मोडला होता. मला कळायला उशीर झाला इतकंच."

"ती नेहमीची स्थिरता सुधारणा होती. तिचा याच्याशी काही—"

"त्या चार ओळी माझ्या आहेत, कॅसवेल. जशाच्या तशा. एक अक्षर बदलायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत तुमच्या लोकांनी."

"आमच्या ग्राहकांचं रक्षण करणं हे आमचं कर्तव्य आहे."

"आणि बाकीच्यांना उघडं ठेवून ग्राहक करून घेणं? ते कोणत्या कर्तव्यात बसतं?"

"हे बघा बाई, यापुढे कुठल्याही नाजूक गोष्टीत तुमच्यावर विश्वास टाकणं लोकांना जड जाणार आहे. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काही निघालं, तर आता तुम्हाला आधी कळणार नाही. समजतंय ना मी काय म्हणतोय?"

"समजतंय," रित्वा म्हणाली. "इतकं सरळ तुम्ही पहिल्यांदाच बोललात."

तिने फोन ठेवला आणि गाडीत एकटीच मोठ्याने त्याला जे काय म्हणायचं होतं ते म्हटलं. फिनिश भाषेत, कारण तिच्या आईकडून आलेल्या शिव्या तिला इंग्रजीत कधी साधल्या नाहीत.

पुढचे काही दिवस रित्वाला वाटलं आपण जिंकलो. कुठकुठच्या कॉलेजांतून, वाचनालयांतून लोकांनी आभाराचे मेल धाडले. कोणी लिहिलं, आमच्याकडेही तो टायवाला आला होता. गटातल्या दोन लहान कंपन्या तिच्यावर भडकल्या, पण खरं कळल्यावर तिच्याहून जास्त आर्डमूरवर भडकल्या. रित्वा आणि गार्नेटने लिंटेलचा नियमच बदलून टाकला. यापुढे फट कळली की दुरुस्ती व्हायला लागतील तेवढेच दिवस थांबायचं, आणि मग सगळ्यांना एकाच वेळी सांगायचं. विकणाऱ्यांना आधी आणि वापरणाऱ्यांना मागून, हे बंद.

मग आर्डमूरचं निवेदन आलं. त्यात रित्वाचं नावही नव्हतं. त्यात अभिमानाने म्हटलं होतं, की या फटीची बातमी येण्याच्या कितीतरी आधी, नोव्हेंबरपासूनच, आर्डमूरचे सर्व ग्राहक पूर्णपणे सुरक्षित होते.

रित्वाने ते वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे जी चोरी तिने चव्हाट्यावर आणली, तीच त्यांनी छातीवर पदकासारखी लावली होती. आणि वर्तमानपत्रांनी ते जसंच्या तसं छापलं. एकाने तर शेवटी प्रश्न विचारला होता, की इस्पितळांसारख्या ठिकाणी फावल्या वेळात काम करणाऱ्यांच्या सॉफ्टवेअरवर विसंबणं कितपत शहाणपणाचं. फावल्या वेळात! जणू आर्डमूरच्या पूर्ण वेळात कोणी एक ओळ लिहिली होती.

मार्चमध्ये हंगामाचा शेवटचा सामना झाला. व्हर्ना मधले सगळे रविवार काही ना काही कारण सांगून आली नव्हती. त्या दिवशी आली. खेळताना कामापुरतं बोलली. सामना झाल्यावर रित्वा बुटांच्या नाड्या सोडत बसली होती, तेव्हा ती शेजारी येऊन बसली.

"तुला बाहेरून कळायच्या आत सांगते," व्हर्ना म्हणाली. "आम्ही आर्डमूरच्या पेट्या घेतोय."

रित्वाने मान वर केली. "कोणी ठरवलं? तुझ्या त्या साहेबांनी?"

"त्यांनी विचारलं. शिफारस मी केली. सही माझी आहे."

"व्हर्ना, त्यांनी काय केलं ते तू डोळ्यांनी बघितलंस. तुझ्याच टेबलावर."

"बघितलं."

"तुझं दार मुद्दाम उघडं ठेवलं त्यांनी. विकायला सोपं जावं म्हणून. आणि तू त्यांनाच..." रित्वाचा आवाज इतका चढला, की पलीकडच्या बाकावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. "लाज वाटायला हवी होती त्यांना दारात पाऊल टाकताना. आणि मी आता नियम बदललाय. तू वाचलंस ना? यापुढे सगळ्यांना एकदम कळणार."

"वाचलं. चांगला नियम आहे." व्हर्ना हातातल्या झाडूचे केस बोटांनी नीट करत होती. "पण साहेबांनी मला एकच विचारलं. या हिवाळ्यात कोणाची दारं बंद होती आणि कोणाची उघडी? काय सांगू मी? की उघडी आपली होती, पण लिहिणारी माझी मैत्रीण आहे?"

"त्यांच्या त्या पेटीत माझंच लिंटेल आहे गं."

"माहीत आहे मला," व्हर्ना म्हणाली आणि उठली. "तू लिहिलंयस, म्हणून तर ते घेतलं. त्यांनी आधी सांगितलं, म्हणून त्यांच्याकडून घेतलं."